घाट मोकळा होता

"गुवाहाटी कुठं आलं रे?" आईनं विचारलं.

"आसामात."

"आणि आसाम?"

"लांब. रेल्वेनं तीन दिवस."

"मग तू आज संध्याकाळी कसा पोचणार तिथं?"

"विमानानं."

आईनं हातातली परात खाली ठेवली. सकाळचे सव्वाआठ वाजले होते. मी तळहातावर कागद धरून आकडे मांडत होतो, कारण पुण्याहून मेघना कर्णिक म्हणून एका बाईंचा फोन नुकताच येऊन गेला होता. पुणे ते गुवाहाटी सरळ हवाई अंतर दोन हजार किलोमीटर. सरळ विमान असतं तर तीन तासांत. ते नाही, म्हणून कलकत्त्याला बदलायचं. दोन चाळीसला पुण्यातून सुटतं, सव्वापाचला कलकत्ता. तिथं सव्वा तास थांबायचं, दुसरं विमान साडेसहाला, पावणेआठला गुवाहाटी. दवाखाना तिथून अर्धा तास.

मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. लोक कंट्रोलर म्हणायचे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याचा स्टँड. गावाचं नाव घेत नाही, ओळखणारी माणसं अजून आहेत. दोन हजार किलोमीटर पाच तासांत हे काही माझ्या डोक्यात शिरेना. आमची गाडी पाच तासांत पुण्याला टेकायची आणि तेवढ्यात ड्रायव्हरचा दोनदा चहा व्हायचा. पण एक आकडा त्या सगळ्यात माझा होता. आमच्या गावातून पुण्याचा विमानतळ, जीपनं, चार तास. तो आकडा कर्णिकबाईंनी मलाच विचारला होता.

"सावंतसाहेब, तुम्ही एसटीतले. तुम्ही म्हणाल तो वेळ मी धरते."

"चार तास," मी म्हणालो होतो. "साडेआठला निघालो तर साडेबाराला तिथं."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत माझी वेळ कधी चुकली नव्हती. गाव माझ्या घोषणेवर घड्याळं लावायचं, हे मी बढाई म्हणून सांगत नाही. थोडी बढाई आहेच, पण खरं आहे.

आता बोलावणं कशाचं, ते सांगतो. माझ्या अंगात बॉम्बे ग्रुपचं रक्त आहे. हजारोंत एखाद्याचं असतं. साध्या तपासणीत ते 'ओ' दिसतं, पण ह्या माणसाला 'ओ'वाल्याचं रक्त चढवलं तर जीव जातो. त्याला त्याच्याच गटाचं लागतं, दुसरं कुठलंच चालत नाही. आमच्या भागात मामाची पोरगी करायची रीत. माझे आईबाप आते-मामेभावंडं, त्यांचे आईबापही तसेच. म्हणून हे रक्त आमच्या घरात आलं. मला आलं आणि माझ्या बहिणीला, सारिकाला आलं. कर्णिकबाई असल्या दुर्मिळ रक्ताच्या माणसांची यादी ठेवायच्या, त्यात माझं नाव होतं.

कळलं ते फार वाईट रीतीनं. चार वर्षांपूर्वी सारिका पहिल्यांदा बाळंत झाली आणि तिचं रक्त थांबेना. पिशवी आणली, जुळेना. दुसरी आणली, तीही जुळेना. डॉक्टर घामाघूम झालेले मी पाहिले. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं, माझं तपासलं, आणि माझी बाटली तिला चढली. सारिका वाचली. बाळ गेलं. पांढऱ्याफटक पडलेल्या सारिकाच्या शेजारी मी रात्रभर बसलो होतो. वडील नव्हते आम्हांला. तिच्याहून चौदा वर्षांनी मी मोठा, तिला शाळेत मी सोडलेलं, तिचं लग्न मी लावलेलं.

डॉक्टर तेव्हा आईला म्हणाले होते, "पुढच्या खेपेला ह्या माणसाला तीन महिने आधीपासून कुणाला रक्त देऊ देऊ नका." एकदा दिलं की तीन महिने परत देता येत नाही. आईनं ते वाक्य देवाच्या अंगाऱ्यासारखं जपून ठेवलं होतं.

आणि आता सारिका पुन्हा बाळंतपणाला घरी आली होती. बारा दिवस राहिले होते.

"बाईला सांगितलंस का सारिकाचं?" आईनं विचारलं.

"नाही."

"का नाही?"

फोनवर आधी कर्णिकबाईच होत्या. त्यांना मी सरळ सांगणार होतो, की बाई, माझी बहीण दिवसांत आहे, मला जमायचं नाही. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एक मिनिट, पेशंटचे मिस्टर लाइनवर आहेत," आणि पलीकडून आवाज आला. बोली आमचीच, आमच्या मुलखातली.

"दादा, मी आनंदा कोळेकर. फौजेत नाईक आहे. कवठेमहांकाळकडचा. बायको परवा बाळंत झाली, पोरगी झाली. रक्त लय गेलं दादा. आता थांबलंय, पण अंगात काय शिल्लकच नाही. डॉक्टर म्हणत्यात आज रात्रीपर्यंत मिळालं तर हाय." मग तो जरा थांबला. "माझ्या मामाचीच पोरगी आहे ती. छाया. ल्हानपणापास्नं एकत्र वाढलो आम्ही."

माझ्या तोंडून निघून गेलं, "काळजी करू नका. निघतो मी."

एवढं बोलल्यावर तो माणूस रडायला लागला. मग कसलं नाही म्हणता!

"निघतो म्हणालास?" आईचा आवाज चढला. "आणि हिला लागलं तर? कुणाच्या तोंडाकडं बघायचं मी? त्या बाईच्या? त्या इमानाच्या?"

"आई, हळू."

"हळू काय हळू! एक नातवंड पुरलंय मी. आता पोरगी नाही घालवायची मला."

आतून सारिका आली. पाय सुजलेले, भिंतीला धरून चालत होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"जा की दादा," ती म्हणाली. "बारा दिवस आहेत अजून. आणि दर वेळी तसंच होतंय असं थोडंच आहे?"

"तू गप बस," आई तिच्यावर ओरडली. "तुला काय कळतंय? तू शुद्धीवर तरी होतीस का तवा?"

"तिला पण कुणीतरी भाऊ असंल की, आई."

"मग त्यानं द्यावं!"

दारात, मी भाड्यानं सांगितलेल्या दत्तूच्या जीपचा हॉर्न वाजला. मी शर्ट बदलला, पिशवीत एक धोतर का टॉवेल, काय टाकलं आठवत नाही, आणि बाहेर पडलो. आईनं मला अडवलं नाही. उंबऱ्यात बसली आणि डोक्याला हात लावला, एवढंच. ती ओरडत राहिली असती तर बरं झालं असतं. मी भांडून गेलो असतो.

"पुणे ना?" दत्तूनं विचारलं.

"आधी स्टँडवर घे. चार्ज देऊन येतो."

चार्ज द्यायला पाच मिनिटं लागतात. मी केबिनमध्ये गेलो, खुर्चीत बसलो, आणि उठलोच नाही.

तुम्ही म्हणाल, विचार करत बसला असेल. कसला विचार! मला फक्त सारिकाच्या त्या दिवशीच्या नखांचा रंग दिसत होता. नऊ वाजले. दत्तू डोकावून गेला. साडेनऊ झाले. साडेनऊपर्यंत निघालो असतो तरी दीडला पोचलो असतो, विमान मिळालं असतं. दहा वाजले तेव्हा दत्तू पुन्हा आला.

"साहेब, निघायचं का न्हाई?"

"जा तू परत."

"पर तिकडं..."

"जा म्हणतो ना!"

तो गेला. आता निदान फोन करून सांगायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं बरं का. फोन समोर होता, नंबर कागदावर होता. पण त्या जवानाला 'निघतो' म्हटलेलं, आणि आता काय तोंडानं सांगू की नाही निघालो? मी गाड्यांच्या नोंदी करत बसलो. फलाट तीन, इस्लामपूर. फलाट एक, मिरज. घोषणासुद्धा केल्या.

साडेअकराला शेवटी नंबर फिरवला आणि नाव सांगितलं.

"सावंतसाहेब, कुठपर्यंत आलात?" कर्णिकबाईंचा आवाज उत्साहात होता. "तिकीट काढलंय. आमचा माणूस तुमच्या नावाची पाटी घेऊन गेटवर उभा आहे. कधीच बसला नाहीत ना विमानात? तो सगळं करेल, तुम्ही काळजी करू नका."

मी रिसीव्हरवर हात आडवा धरला, म्हणजे बाहेरचा गोंगाट जाऊ नये.

"बाई, घोटाळा झालाय," मी म्हणालो. "खंबाटकीच्या अलीकडं अडकलोय. घाटात ट्रक आडवा झालाय. इथनं पुढं तीन किलोमीटर लाइन आहे."

"अरे देवा! मग तुम्ही बोलताय कुठून?"

"इथं एका हॉटेलातून. क्रेन साताऱ्याहून यायचीय. दोन-अडीच तास तरी काही हलत नाही."

असले निरोप मी शेकड्यांनी घेतलेले होते. ट्रक कसा पडतो, लाइन किती लागते, क्रेन कुठून येते, सगळं तोंडपाठ. तोंडातून ते असं सरळ बाहेर पडलं, की मलाच क्षणभर तो ट्रक दिसला.

बाई म्हणाल्या, "दुसरा कुठला रस्ता? चालत जाऊन पलीकडून गाडी?"

"नाही जमणार. वेळेत नाही बसणार ते. मी एसटीतला माणूस आहे, उगीच आशा दाखवत नाही."

"खरं आहे. तुम्ही सांगताय म्हणजे..." त्यांचा आवाज एकदम थकला. "सावंतसाहेब, नाशिकला एक जण सकाळी तयार होता हो. मुंबईहून त्याला दुपारचं विमान मिळत होतं. तुम्ही हो म्हणालात म्हणून मी त्याला थांबवलं. आता तोही पोचायचा नाही."

मी टेबलावरचा आकड्यांचा कागद उलटा करून ठेवला.

"तुमची काही चूक नाही," त्या म्हणाल्या. "बघते मी अजून कुठं काही."

फोन ठेवला तेव्हा पुण्याहून येणारी सकाळची गाडी फलाटाला लागत होती. कंडक्टर सहीला आला.

"वेळेवर आलास?" मी विचारलं.

"एकदम. रस्ता आज असा रिकामा, साहेब, घाटात एक गाडी आडवी आली न्हाई."

मी वेळ लिहिली आणि सही केली.

दुपारी घरी गेलो. आईनं पान वाढलं, काही विचारलं नाही. सारिका म्हणाली, "काय झालं दादा?"

"विमान चुकलं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी भात कालवत होतो. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी कर्णिकबाईंचा फोन आला. पहाटे पाचला छाया कोळेकर गेली होती. बाई म्हणाल्या, तुम्हांला कळवायला हवं, तुम्ही एवढी धडपड केलीत.

बारा दिवसांचे तेरा झाले आणि सारिका बाळंत झाली. मुलगा. पावणेतीन किलो. मी बाहेर बाह्या सरसावून बसलो होतो, वेडा! डॉक्टर बाहेर आले आणि हसले. "मामा, बाह्या खाली करा. एक थेंब लागला नाही." आई हात जोडून भिंतीशी बसली आणि ढसाढसा रडली. मीही रडलो. तिला वाटलं आनंदानं रडतोय.

पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या एका पेशंटसाठी बोलावणं आलं आणि मी विमानात बसलो. कर्णिकबाईंना मी एका शब्दानं विचारलं नाही, अंतर किती, वेळ किती. साडेतीन तास आधी विमानतळावर जाऊन बसलो. वर गेल्यावर घड्याळ बघत राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्याला वाटलं मला भीती वाटतेय, त्यानं लिमलेटची गोळी दिली. दोन तास पस्तीस मिनिटं लागली. तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरचा एकच चहा झाला असता.

मग छाया कोळेकर गेल्याला तीन वर्षं झाल्यावर, एका मंगळवारी, केबिनच्या खिडकीत एक माणूस आला. उंच, काटक, केस बारीक कापलेले. कडेवर झबल्यातली नव्हे, चांगली फ्रॉकातली पोरगी.

"सावंतसाहेब आपणच का?"

"मीच. कुठं जायचंय?"

"पुण्याला. पण आधी तुमास्नी भेटायचं होतं. मी आनंदा कोळेकर."

मी उभा राहिलो. कशाला उभा राहिलो ते कळलं नाही. तो खिडकीतून हात घालून माझा हात धरायला बघत होता.

"लय दिवस मनात होतं," तो म्हणाला. "दादा, त्या दिवशी दहा-बारा जणांस्नी फोन केले बाईंनी. निम्म्यांनी उचलला न्हाई. निम्म्यांनी कारणं सांगितली. तुम्ही एकटं घर सोडून निघालात. घाटात उन्हात अडकून पडलात. कुणाची कोण ती, आणि तुम्ही..." त्यानं पोरीला खाली उतरवलं. "पाया पड काकांच्या."

"नको, नको," मी म्हणालो. "राहू दे."

"पडू द्या हो. ही तीच. हिचंबी रक्त तेच निघालंय. आज पुण्याला चाललोय, कर्णिकबाईंच्या यादीत हिचं नाव घालायला." त्यानं खिशातून एक कार्ड काढलं, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. त्यावर पोरीचं नाव, रक्तगट, आणि खाली ठळक अक्षरांत माझं नाव, स्टँडचा नंबर, घरचा नंबर. "आमच्या गावाला जवळचं माणूस म्हणजे तुम्हीच. वेळ आली तर पहिला फोन तुमास्नी."

पोरगी खिडकीच्या कट्ट्याला नाक लावून माझ्या शिट्टीकडं बघत होती.

"पुण्याची गाडी साडेदहाला," मी कसंबसं म्हणालो. "फलाट दोन."

"किती वाजता पोचंल?"

"साडेतीन."

तो हसला. "घाट मोकळा आहे ना पण आज? त्या ट्रकवाल्याला तीन वर्षं शिव्या देतोय बघा मी. कोण, कुठला, ठावं न्हाई. पर झोप आली न्हाई की त्याला शिव्या. म्हणतो, लेका, दुसरी जागा गावली न्हाई तुला पडायला?"

मी ह्यावर मान हलवायची होती. एवढंच काम होतं. त्याची गाडी बाराच मिनिटांत सुटणार होती.

"घाट त्या दिवशीही मोकळा होता," मी म्हणालो.

"म्हंजी?"

"ट्रक नव्हता. मी घाटात नव्हतो. इथंच होतो. ह्या खुर्चीत."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे मात्र बदलत गेले. मला वाटलं आता हा आत येणार आणि मला उचलून आपटणार. आला असता तर मी हात वर केला नसता.

"का?" त्यानं विचारलं.

"बहीण बाळंत व्हायची होती. तिचंही हेच रक्त. पहिल्या खेपेला मरता मरता वाचली होती."

"मग तसं सांगायचं."

"हो."

"तसं सांगितलं असतं तर मी काय म्हणलो असतो तुमास्नी?" त्याचा आवाज फाटला. "मलाबी कळतंय की! नाशिकचा माणूस आला असता. बाईंनी मला सांगितलंय, नाशिकचा तयार होता. काय तो निरोप... दोन शब्द!"

"हो," मी पुन्हा म्हणालो.

"लागलं का रक्त? बहिणीला?"

"नाही. एक थेंब नाही."

फलाटावर पुण्याची गाडी येऊन लागली. पोरगी त्याचा हात ओढून म्हणाली, "पप्पा, लाल गाडी." त्यानं कट्ट्यावरचं कार्ड उचललं. मला वाटलं फाडणार. पेन काढून माझं नाव खोडलं असतं तरी मी समजू शकलो असतो. त्यानं ते प्लॅस्टिक शर्टाला पुसलं आणि परत खिशात घातलं.

"नाव काढत न्हाई मी," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "दुसरं कुणी जवळ न्हाई, म्हणून."

पोरीला कडेवर घेऊन तो गाडीत चढला. मला घोषणा करायची होती. माईक हातात घेतला आणि परत ठेवला. त्या दिवशी पुण्याची गाडी घोषणेशिवाय सुटली, साडेदहाला, वेळेवर.

संध्याकाळी सारिकाला फोन करून मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला माहीत होतं दादा. दत्तूनं त्याच दिवशी सांगितलं होतं." आणि मग म्हणाली, "माझ्या पोराकडं बघितलं की ती बाई आठवते मला. तुला कधी बोलले नाही."

आता मी निवृत्त झालो. आई गेली. घरचा नंबर तोच ठेवलाय. भाचा म्हणतो, काढून टाका तो जुना फोन, कुणी करत नाही त्यावर. कोळेकरांची पोरगी आता सतरा वर्षांची असेल. रक्त पासष्टपर्यंत घेतात म्हणे. मला नुकतीच अठ्ठावन्न पुरी झाली. पिशवी भरून दाराशी ठेवलेली असते, आणि दत्तूच्या पोराला सांगून ठेवलंय, जीपमध्ये डिझेल कमी पडू देऊ नकोस.